फॉरमॅट मारण्याआधी: लाइव्ह लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून फायली बाहेर कशा काढायच्या

एप्रिल महिना, ऐन लग्नसराई. सकाळीच मेव्हण्याचा फोन. “दाजी, दुकानाचा कॉम्प्युटर बसलाय. नुसतं गोल गोल फिरतंय, पुढं जाईना.” त्याचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. रिपेअरवाला येऊन बघून गेला होता आणि पाच मिनिटांत त्याने निकालही दिला होता: विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल. डेटाचं काय विचारल्यावर खांदे उडवले.

विंडोज उडणं वेगळं आणि फायली उडणं वेगळं. दहातल्या बऱ्याच वेळा फायली जागच्या जागी असतात, फक्त त्यांच्यापर्यंत नेणारं विंडोज उठत नसतं. अशा वेळी दुसरीच एखादी ऑपरेटिंग सिस्टम (इथे लिनक्स, विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी) पेनड्राइव्हवरून चालू करायची, फायली बाहेरच्या डिस्कवर घ्यायच्या आणि मग खुशाल फॉरमॅट मारायचं. त्या दिवशी दुकानात जे केलं तेच इथे क्रमाने सांगतो. लिनक्स कधी पाहिलेलं नसलं तरी जमेल. कमांड एकही टाइप करायची नाही.

लाइव्ह म्हणजे काय

साधारणपणे ऑपरेटिंग सिस्टम हार्ड डिस्कवर बसवलेली असते. लाइव्ह लिनक्सला ती डिस्क लागतच नाही. सगळी सिस्टम एका दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये पेनड्राइव्हवर असते. चालू झाल्यावर लागेल तेवढा भाग तिथून उलगडला जातो आणि तुम्ही जे काही बदल कराल ते रॅममध्ये लिहिले जातात. बंद केलं की रॅम रिकामी, बदलही गेले. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कला तुम्ही स्वतःहून हात लावल्याशिवाय तिच्यावर काही लिहिलं जात नाही. आपल्याला हवंय ते नेमकं हेच.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली आणलेल्या क्नॉपिक्समुळे ती लोकांपर्यंत पोचली. डेबियनवर आधारलेलं, ७०० एमबीच्या एका सीडीत बसणारं. आपल्याकडे पीसीक्वेस्टसारख्या मासिकांसोबत लिनक्सच्या सीड्या यायच्या, आणि उबुंटूवाले तर २०११पर्यंत मागेल त्याला घरपोच फुकट सीडी पाठवायचे. माझ्याकडे अजून दोन आहेत, चहाच्या कपाखाली. आज सीडी ड्राइव्हच नसतो आणि आयएसओ फायली (अख्खी सिस्टम एकाच फाइलमध्ये बांधलेली) सीडीत मावतही नाहीत, म्हणून पेनड्राइव्ह.

काय काय लागेल

एक चालू कॉम्प्युटर लागेल, शेजाऱ्याचा, ऑफिसचा, कोणाचाही. किमान ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह, ज्यावरचं सगळं पुसलं गेलं तरी चालेल असा. कारण ते पुसलं जाणारच आहे. आणि फायली घ्यायला वेगळी बाहेरची हार्ड डिस्क किंवा दुसरा मोठा पेनड्राइव्ह. रस्त्यावर स्वस्तात मिळणारा “एक टीबी”चा पेनड्राइव्ह या कामाला आणू नका. असले कित्येक पेनड्राइव्ह आतून फार तर १६ किंवा ३२ जीबीचे असतात, जागा संपल्यावरही कॉपी झाल्याचं दाखवत राहतात आणि नंतर उघडायला गेलं की फाइल रिकामी.

बाहेरची डिस्क फॅट३२ प्रकारची असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर जाणार नाही. लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडकतात. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर हा प्रश्न येत नाही.

लिनक्स कोणतं घ्यायचं यावर लोक तासन् तास भांडतात. मी लिनक्स मिंट सांगतो, कारण विंडोजची सवय असलेल्याला ते बिचकवत नाही: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, फोल्डर दोनदा क्लिक केला की उघडतो. रॅम ४ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर मिंटची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्या, ८ असेल तर ‘सिनॅमन’. फारच जुना डबा असेल तर पपी लिनक्ससारखं हलकं काहीतरी बघावं लागेल.

आयएसओ उतरवा आणि तपासा

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आयएसओ फाइल उतरवा. ती साधारण तीन जीबीची आहे, मोबाइल डेटावर उतरवणार असाल तर दिवसाचा कोटा बघून घ्या. तिथेच ‘शा-२५६’ नावाची अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ दिलेली असते. तुमची फाइल मूळ फाइलच आहे ना, हे त्या माळेवरून कळतं.

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पण २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्याच संकेतस्थळात घुसून कोणीतरी डाउनलोडचा दुवा बदलला होता आणि बाहेरून गुपचूप आत शिरायला मागचं दार ठेवलेली आयएसओ लोकांच्या गळ्यात मारली होती. घातपात रोज होत नाही, पण अर्धवट उतरलेली फाइल मात्र रोजची गोष्ट आहे, आणि तीही याच तपासणीत सापडते. पुढे वापरायच्या रूफस प्रोग्रॅममध्ये आयएसओ निवडली की शेजारी बरोबरच्या खुणेचं एक छोटं बटण असतं. ते दाबा, माळ समोर येईल. पहिली आणि शेवटची सहा-सात अक्षरं ताडून बघितली तरी अर्धवट फाइल कळते. खबरदारी म्हणून सगळीच ताडायची असेल तर कॉपी-पेस्ट करून शोधा.

पेनड्राइव्ह तयार करणं

आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. ती त्यावर बूट होईल, म्हणजे तिच्यावरून कॉम्प्युटर चालू होईल, अशी उतरवावी लागते. विंडोजवर त्यासाठी रूफस. फुकट आहे, छोटा आहे, इन्स्टॉलही करावा लागत नाही. मॅकवर किंवा लिनक्सवर असाल तर बलेनाएचर वापरा.

रूफस उघडा. सगळ्यात वर ‘डिव्हाइस’मध्ये आपलाच पेनड्राइव्ह आहे ना हे दोनदा बघा, विशेषतः बाहेरची हार्ड डिस्कही जोडलेली असेल तर. खरं तर त्या वेळी ती काढूनच ठेवा. ‘सिलेक्ट’ दाबून आयएसओ निवडा. खालचे पर्याय रूफस आपणच भरतो, त्यांना हात लावायची गरज नाही. ‘पर्सिस्टंट पार्टिशन’ची पट्टी शून्यावरच राहू द्या. ती वाढवली तर पेनड्राइव्हवर तुमचे बदल पुढच्या वेळेपर्यंत टिकतात, पण फायली काढण्याच्या कामाला ते लागत नाही. ‘स्टार्ट’ दाबा. आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारलं तर आयएसओ मोड. त्याने बूट झालंच नाही तर पुन्हा सगळं करून डीडी मोड. पाच-दहा मिनिटांत काम होतं.

डीडी मोडने किंवा एचरने बनवलेला पेनड्राइव्ह नंतर विंडोजला लावलात तर ‘डिस्क फॉरमॅट करा’ असा निरोप येऊ शकतो. ‘कॅन्सल’. पेनड्राइव्ह खराब झालेला नाही, विंडोजला तो वाचता येत नाही एवढंच.

बूट मेन्यू, म्हणजे खरी अडचण

आता पेनड्राइव्ह बिघडलेल्या कॉम्प्युटरला लावा. शक्यतो मागच्या बाजूच्या पोर्टला, हबमध्ये नको. कॉम्प्युटर पूर्ण बंद करा. चालू करायचं बटण दाबल्याबरोबर बूट मेन्यूची कळ टकटक दाबत राहा. एकदा दाबून वाट बघत बसलात तर वेळ निघून जाते.

कळ कोणती हे बनवणाऱ्यावर ठरतं. डेल, लेनोवो आणि एसरवर एफ१२, एचपीवर एफ९ किंवा आधी इस्केप आणि मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर इस्केप. सुटे भाग जोडून बनवलेल्या (असेंबल्ड) डेस्कटॉपवर मदरबोर्डचं नाव बघा: गिगाबाइट एफ१२, एमएसआय एफ११, आसुस एफ८. काही लॅपटॉपवर सोबत ‘एफएन’ही दाबावी लागते. एसरच्या कित्येक लॅपटॉपवर हा मेन्यू मुळात बंद असतो; एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जायचं आणि ‘एफ१२ बूट मेन्यू’ चालू करायचा. लेनोवोच्या काही लॅपटॉपला कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, लॅपटॉप बंद असताना त्यात टाचणी खुपसली की मेन्यू येतो.

मेव्हण्याच्या दुकानात मी आधी एफ९ दाबत बसलो, मग एफ८, मग डिलीट. चार वेळा ते गोल चक्रच समोर आलं. शेवटी कॅबिनेटचं झाकण उघडून बोर्डावरचं नाव वाचलं, गिगाबाइट. आत धुळीचा बोटभर थर होता, तोही काढला.

मेन्यूत पेनड्राइव्हचं नाव बऱ्याचदा दोनदा दिसतं, एकदा ‘यूईएफआय’ लावलेलं, एकदा नुसतं. यूईएफआयवालं निवडा. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक मशीनवर तेच चालतं.

‘सिक्युअर बूट’ (अनोळखी सिस्टम चालू होऊ न देणारी मशीनची सोय) बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. मिंटला सहसा त्याची गरज पडत नाही, आणि उगाच बंद केलंत तर एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, डिस्क पुढच्या वेळी किल्ली मागत बसेल. मात्र पेनड्राइव्ह दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल तर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणून मशीन तो नाकारू शकतं. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर जुन्या बूटलोडरवर (सिस्टम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर) अशी बंदी आली. ताजी आयएसओ उतरवून पेनड्राइव्ह नव्याने बनवा.

आता मिंटचा स्वतःचा मेन्यू येईल. पहिल्याच ओळीवर एंटर. एक-दोन मिनिटं लागतात, यूएसबी २चा पेनड्राइव्ह असेल तर थोडी जास्तच. पडदा काळा होऊन तसाच राहिला तर बहुधा ग्राफिक कार्डाची कुरबुर असते. पुन्हा चालू करून ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा.

उघडल्यावर काय करायचं नाही

डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असं एक चित्र दिसेल. त्याला हात लावू नका. नुसतं उघडल्याने काही होत नाही, पण पुढे डिस्क पुसून बसवायचा पर्याय येतो आणि घाईत तिथेच लोक बुडतात. मेन्यूत ‘जीपार्टेड’ नावाचं पार्टिशनचं, म्हणजे डिस्कचे भाग पाडायचं, हत्यारही असतं, तिकडेही जायचं नाही. दुकानात मेव्हणा मागून वाकून बघत होता, त्याला मी माउस दिला नाही.

पडदा मध्येच लॉक झाला तर नाव ‘मिंट’, पासवर्ड रिकामा, नुसतं एंटर. इंटरनेट हवं असेल आणि वायफाय दिसत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. ते जवळजवळ सगळीकडे चालतं.

पहिलं काम डिस्कची तब्येत बघण्याचं. मेन्यूत ‘डिस्क्स’ शोधा, डावीकडे आतली डिस्क निवडा, वरच्या तीन टिंबांच्या मेन्यूतून ‘स्मार्ट’ची माहिती उघडा. ‘डिस्क इज ओके’ असेल तर निवांत पुढे चला. डिस्क आता मरणार असा इशारा असेल तर सगळ्यात मोलाच्या फायली आधी घ्या, सिनेमे मग. आणि डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल तर तिथेच थांबा, कॉम्प्युटर बंद करा. त्या डिस्कला प्रत्येक मिनिट महागात पडतं. तिच्यासाठी डेटा रिकव्हरीवालेच लागतात आणि त्यांचे पैसे लागतात.

विंडोजच्या फायलींपर्यंत

फाइल मॅनेजर उघडा. डावीकडे पार्टिशनं दिसतील, ‘सी’ आणि ‘डी’ अशी नाही, तर लेबलने किंवा आकाराने, ‘२५० जीबी व्हॉल्यूम’ अशी. एकेक क्लिक करून बघा. ज्यात ‘विंडोज’ आणि ‘यूजर्स’ हे फोल्डर दिसतात ते तुमचं सी. मेव्हण्याच्या सीमध्ये शिरलो, यूजर्स, मग त्याचं नाव, मग डेस्कटॉप. पडद्यावर पत्रिकांच्या दोनशेवर फायली, मराठी नावांसकट. “आहे की सगळं!” म्हणून तो इतक्या जोरात ओरडला की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

क्लिक केल्यावर पार्टिशन उघडलं नाही, काहीतरी एरर आला, तर बहुधा विंडोज नीट बंद झालेलं नसतं. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ म्हणजे अर्धवट झोपच असते. डिस्क मध्येच सोडलेली असते. बऱ्याचदा मिंट अशी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. उघडतच नसेल तर ‘डिस्क्स’मध्ये ते पार्टिशन निवडा, दातेरी चाकाखालच्या ‘एडिट माउंट ऑप्शन्स’मध्ये ‘यूजर सेशन डिफॉल्ट्स’ बंद करा, आणि पर्यायांच्या ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी आर आणि ओ ही दोन लहान अक्षरं लिहून स्वल्पविराम द्या. आता त्रिकोणी बटणाने उघडा. डिस्क ‘दुरुस्त’ करणाऱ्या कमांड इंटरनेटवर भरपूर सापडतील. फायली हातात येईपर्यंत त्यातली एकही चालवू नका.

पार्टिशनवर कुलपाचं चिन्ह असून ते पासवर्ड मागत असेल तर ते बिटलॉकर, विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर हे मालकाला न कळताच चालू असतं. इथे विंडोजचा पासवर्ड चालत नाही. ४८ अंकी रिकव्हरी की लागते, मधल्या डॅशसकट. मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉग-इन करून डिव्हाइसच्या यादीत बघा, बहुधा तिथे असते. ती कुठेच नसेल तर लिनक्स काय, कोणीच ती डिस्क उघडू शकत नाही.

आणि आतली डिस्क ‘डिस्क्स’मध्येही दिसतच नसेल? काही इंटेल लॅपटॉपवर बायोसमध्ये डिस्क ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’ पद्धतीवर ठेवलेली असते. ती ‘एएचसीआय’वर आणली की लिनक्सला दिसते. आधीची नोंद मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि काम झाल्यावर पूर्ववत करा, नाहीतर विंडोज त्यानंतर उठणार नाही. सेटिंग बदलूनही दिसली नाही तर डिस्कच गेलेली असण्याची शक्यता मोठी.

काय काय उचलायचं

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळ्यांना आठवतं. राहून जातं ते वेगळंच. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉपच्या फायली ‘वनड्राइव्ह’ फोल्डरच्या आत असतात, आणि त्यातल्या काही फक्त नावापुरत्या, खरी फाइल मायक्रोसॉफ्टकडे. टॅलीचा डेटा टॅलीच्या फोल्डरमधल्या ‘डेटा’मध्ये असतो; यूजर्समधल्या ‘पब्लिक’मध्येही नजर टाका. क्रोमचे बुकमार्क ‘ॲपडेटा’मध्ये दडलेले असतात; तो फोल्डर दिसलाच नाही तर कंट्रोल आणि एच दाबून बघा. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड मात्र अशा कॉपीतून मिळत नाहीत, त्यांची किल्ली त्या विंडोज खात्याला बांधलेली असते.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक फोल्डर आवर्जून घ्यावा, तो म्हणजे ‘विंडोज’च्या आतला ‘फॉन्ट्स’. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो. फॉन्ट नसला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मिंटमध्ये अशी फाइल उघडून बघितलीत आणि खिचडी दिसली तर घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. एकट्या वापरकर्त्यापुरते टाकलेले फॉन्ट ‘ॲपडेटा’तल्या ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘फॉन्ट्स’ या वाटेवर असतात. मेव्हण्याचे निम्मे तिथेच सापडले.

बाहेरची डिस्क जोडा, शक्यतो निळ्या यूएसबी पोर्टला. तिच्यावर तारखेच्या नावाने फोल्डर करा आणि कॉपी-पेस्ट. कट नाही, कधीच नाही. एखाद्या फाइलपाशी अडलं तर ‘स्किप’ करून पुढे जा आणि तिचं नाव कागदावर लिहून ठेवा. आमचे दीडशे जीबी जायला सव्वादोन तास लागले. छोट्या फायली हजारोंनी असल्या की वेग पार बसतो. तेवढ्यात जेवून घेतलं.

कॉपीची पट्टी शेवटाला गेल्यावरही डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो. लिनक्स बरंचसं लिखाण आधी रॅममध्ये धरतं आणि मग सावकाश बाहेर टाकतं. म्हणून केबल ओढायची नाही. डाव्या बाजूला डिस्कच्या नावाशेजारचं इजेक्टचं चिन्ह दाबा आणि आता काढा असा निरोप येईपर्यंत थांबा. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून वेगवेगळ्या फोल्डरमधल्या दहा-बारा फायली प्रत्यक्ष उघडून बघा. आणि तिथे अँटिव्हायरसही फिरवा. विंडोजचा व्हायरस लिनक्सवर झोपलेला असतो, पण कॉपीबरोबर आलेला असू शकतो.

बंद करताना नेहमीसारखं शटडाउन. पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा असं मिंट स्वतः सांगतं. त्याआधी काढलात तर सगळं जागीच गोठतं, कारण सिस्टम त्याच्यावरूनच चालू असते.

दुसऱ्या दिवशी रिपेअरवाल्याने फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकलं, आम्ही फॉन्ट परत बसवले, दुपारी पत्रिका प्रिंटरवर. संध्याकाळी परत फोन. “दाजी, सगळं झ्याक चाललंय, पण घड्याळ साडेपाच तास मागं दाखवतंय.” ते लिनक्सचंच काम. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ धरतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. घड्याळाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सिंक नाऊ’ दाबायला सांगितलं आणि फोन ठेवला.